‘कोणत्या कंपनीचा डाय सोसेल?’ : केसांच्या रंगाची ॲलर्जी, काळी मेहंदी आणि टिकलीचा डाग

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय अठ्ठेचाळीस. बारा वर्षं केस रंगवताय, कधी काही झालं नाही. गणपतीच्या आधी पार्लरमध्ये रंग लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानामागे खाज सुटली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली, आठवड्यात उतरलं. ‘केमिकलवाला रंग सोड, हर्बल काळी मेहंदी लाव’ असं जाऊबाईंनी सांगितलं. दहा दिवसांपूर्वी ती लावली, तर या वेळी त्याच रात्री चेहरा सुजला आणि मानेवर पाणी भरलेल्या पुळ्या आल्या. मुलीचं लग्न दीड महिन्यावर आलंय. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: कोणत्या कंपनीचा रंग सुरक्षित आहे, रक्ताची ॲलर्जी तपासणी करावी का, आणि कपाळावर टिकलीच्या जागी पडलेल्या काळसर डागाचा याच्याशी काही संबंध आहे का.

आधी एक मर्यादा सांगते. तुम्हाला प्रत्यक्ष न पाहता मी निदान करू शकत नाही. पण त्वचारोगाच्या ओपीडीत ही हकिगत इतक्या वेळा ऐकलेली आहे, आणि तुम्ही दिवस इतके नेमके लिहिले आहेत, की संशय कुठे घ्यायचा याबद्दल मला फारशी शंका नाही. तुम्ही कंपनी शोधताय. पण तुमच्या शरीराने कंपनी ओळखलेली नाही, एक रसायन ओळखलंय. ते ज्या ज्या पाकिटात असेल तिथे हेच होणार, पाकिटावर पानाफुलांचं चित्र असलं तरी.

त्या रसायनाचं नाव पॅराफेनिलीनडायअमाइन, बोलताना आम्ही पीपीडी म्हणतो. काळ्या आणि गडद तपकिरी कायमस्वरूपी रंगांचा तो कणा आहे. दुसऱ्या बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्यात मिसळलं की केसाच्या आत रंग तयार होतो आणि म्हणूनच तो धुतला तरी जात नाही. पीपीडीचा रेणू अगदी लहान, रेणुभार फक्त १०८. साधारण ५०० पर्यंतचे रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरू शकतात, त्यामुळे याला काहीच अडथळा होत नाही. आत गेल्यावर तो त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो. त्वचेतल्या पहारेकरी पेशी हे नवं जोडकाम उचलून जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात आणि तिथे टी-लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ते लक्षात ठेवतात. काहींच्या बाबतीत हे पहिल्या काही वापरांत घडतं, काहींच्या बाबतीत वीस वर्षांनी, आणि बहुतेकांच्या बाबतीत कधीच घडत नाही. म्हणून ‘बारा वर्षं काही झालं नाही’ यावरून तो रंग तुम्हाला सोसतो असं ठरत नाही. बारा वर्षं दर महिन्याला त्या रसायनाशी ओळख होत राहिली आणि कधीतरी शरीराने ते शत्रू म्हणून नोंदवलं, एवढंच त्यातून कळतं.

एकदा नोंद झाली की ती सहसा जन्मभर राहते. वर्ष-दोन वर्षं थांबून पुन्हा लावून पाहू, असा विचार अनेक जण करतात. तो करू नका. ही प्रतिक्रिया उशिरा येणाऱ्या जातीची आहे, म्हणजे लावल्यावर एक ते तीन दिवसांनी. पण संवेदनशीलता वाढली की ती लवकर आणि जोरात येऊ लागते. तुमच्या बाबतीत पहिल्या वेळी दीड दिवस गेला, दुसऱ्या वेळी काही तास. हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

रंग लावला डोक्याला आणि सूज आली डोळ्यांना, हे तुम्हाला विचित्र वाटलंय. टाळूची त्वचा जाड आणि चिवट असते, तिच्यावर बऱ्याचदा थोडी खाज आणि खवले एवढंच दिसतं. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, शिवाय तिच्याखाली पाणी साठायला मोकळी जागा. डोकं धुताना वाहिलेलं पाणी कपाळ, कान, मान या वाटेने जातं. म्हणून केसांची कड, कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पापण्या एवढंच सुजलं असेल, तर आम्ही रुग्णाला पहिला प्रश्न डायचाच विचारतो. पुरुषांमध्ये हा त्रास दाढी-मिशीच्या भोवती दिसतो, आणि ‘मी फक्त मिशीला लावतो हो’ म्हणणाऱ्यांचा ओठ टम्म सुजलेला असतो.

आता कंपनीबद्दल. ‘अमोनिया-फ्री’ लिहिलेला रंग घेतला की धोका टळला, ही समजूत फार पसरलेली आहे. अमोनियामुळे उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात, त्वचा जळजळते. ॲलर्जीशी त्याचा फारसा संबंध नाही. अमोनिया काढला तरी पीपीडी तिथेच असतो. काही रंगांत पीपीडीऐवजी टोल्यूइन-२,५-डायअमाइन असतं. ते त्याचं सख्खं भावंड, आणि पीपीडीची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना तेही सोसत नाही. अलीकडे पीपीडीचं एक बदललेलं रूप काही महागड्या रंगांत वापरतात. त्याने नव्याने ॲलर्जी जडण्याची शक्यता कमी, पण ज्यांना ती आधीच जडली आहे त्यांच्यातल्या अनेकांना त्यानेही त्रास होतो. इतक्या जोराच्या प्रतिक्रियेनंतर मी तुम्हाला तो प्रयोग करू देणार नाही.

आणि ती काळी मेहंदी. याबद्दल मला खरंच राग येतो, कारण रंगाने त्रास झालेली माणसं सुरक्षित म्हणून नेमकी तिच्याकडेच वळतात. मेहंदीच्या पानातलं रंगद्रव्य लॉसोन. त्याचा रंग नारिंगी-तांबडा, फार तर गडद विटकरी. पांढऱ्या केसांवर नुसती मेहंदी कितीही तास ठेवली तरी केस काळे होत नाहीत. जी पावडर पाण्यात कालवून अर्ध्या-पाऊण तासात केस काळेभोर करते, तिच्यात काळा रंग देणारं दुसरं काहीतरी आहे, आणि ते बहुतेक वेळा पीपीडीच असतं, कधी पेटीतल्या रंगापेक्षा जास्त प्रमाणात. पाकीट फेकलं नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. पीपीडी किंवा तसे रंग असलेल्या हेअर डायवर त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, असा इशारा इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं आपल्याकडे नियमाने बंधनकारक आहे. ‘हर्बल’ नावाच्या पाकिटावर हा इशारा दिसला तर समजून घ्या. दिसला नाही तर मात्र निर्धास्त होऊ नका, कारण सुट्या पावडरीवर आणि कोनांवर काहीच छापलेलं नसतं.

तरीही सगळं खापर मी आत्ताच पीपीडीवर फोडून टाकत नाही. तुम्ही शेतालगत राहता असं लिहिलंय. रंग न लावताही पापण्या, मानेच्या घड्या, कोपराचे खळगे खाजतात का? पाऊस झाल्यावर, बांधावरून फिरून आल्यावर वाढतं का? तसं असेल तर गाजर गवत आठवा. १९५० च्या दशकात पुण्यात नजरेत आलेलं आणि मग देशभर पसरलेलं हे तण हवेतून उडणाऱ्या कणांनी अगदी याच जागा पकडतं. ते आणि डायची ॲलर्जी एकाच माणसात असू शकतात. पापण्यांपुरता त्रास असेल तर नेलपॉलिशही तपासावी लागते. तिच्यातलं राळेसारखं द्रव्य नखांभोवती सहसा काही करत नाही, पण बोटं दिवसभर चेहऱ्याला लागतात तिथे पुरळ उठतं. शाम्पू, फेसवॉश, ओले रुमाल यांतलं मिथाइलआयसोथायझोलिनोन हे टिकवणारं द्रव्य आणि सगळ्याच प्रसाधनांतले सुगंध हेही नेहमीचे संशयित. युरोपात न धुता त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांमधून हे टिकवणारं द्रव्य २०१७ पासून हद्दपारच केलंय. तुमच्या हकिगतीत मात्र दोन्ही वेळा आधी रंग आणि मग सूज हा क्रम स्पष्ट आहे.

याची शहानिशा रक्ताच्या तपासणीने होत नाही. लॅबवाले जे ‘ॲलर्जी पॅनेल’ सुचवतात त्यात रक्तातली आयजीई प्रकारची प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी, मोजतात. दमा, सर्दी, अंगावर गांधी उठणं, काही अन्नपदार्थ यांच्या बाबतीत त्याला थोडाफार अर्थ आहे. तुमची ॲलर्जी प्रतिद्रव्यांची नाही, पेशींची आहे. काही हजार रुपये खर्चून हातात वांगी, शेंगदाणे आणि धुळीची यादी येईल, लग्नघरात तुम्ही उगाच पथ्य पाळत बसाल आणि पीपीडीचा त्या कागदावर उल्लेखही नसेल.

त्यासाठी पॅच टेस्ट करतात. संशयित द्रव्यं ठरलेल्या प्रमाणात व्हॅसलीनमध्ये मिसळून छोट्या चकत्यांमध्ये भरतात आणि त्या पाठीवर चिकटवतात. भारतातल्या रुग्णांसाठी द्रव्यांचा एक प्रमाणित संच आहे, त्यात पीपीडी असतोच. ४८ तासांनी चकत्या काढून पाहतात, पुन्हा चौथ्या दिवशी पाहतात. दुसरं वाचन कधीच चुकवू नका. खरी प्रतिक्रिया तोवर टिकते किंवा वाढते आणि नुसती जळजळ असेल तर ओसरते. तेवढे दिवस पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम टाळायचं. (म्हणूनच मे महिन्यात ही टेस्ट करणं आम्ही शक्यतो टाळतो.) तुमची प्रतिक्रिया पुळ्या येण्याइतकी जोरदार होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा रुग्णाला नेहमीच्या एक टक्का पीपीडीनेही पाठीवर मोठा फोड येऊ शकतो, त्यामुळे आम्ही बऱ्याच कमी तीव्रतेपासून सुरुवात करतो. मोठ्या शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात ही टेस्ट सहसा होते. जाण्याआधी फोन करून वार विचारा.

वेळ मात्र सांभाळावी लागेल. अंगावरचं पुरळ पूर्ण शमल्याशिवाय टेस्ट करायची नाही. पोटातून स्टिरॉइड घेतलं असेल तर ते थांबून साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, नाहीतर निकाल खोटाच ‘नाही’ येतो. खाजेच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. म्हणजे लग्नाआधी टेस्ट बसते, पण या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलंत तरच. लग्नाच्या गडबडीत जमलं नाही तर नंतर करा, पण तोपर्यंत पीपीडी आहे असंच धरून चाला. आणि टेस्टमध्ये पीपीडी निघालाच नाही तर? मग शाम्पू, कंडिशनर, सुगंध यांच्याकडे पाहायचं. पण ‘नाही’ आलं म्हणून स्वतःच्या मनाने पुन्हा डाय लावायचा नाही.

यावरून आणखी एक. प्रत्येक डायच्या पेटीत लिहिलेलं असतं की कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा लावून ४८ तास पाहा. ज्यांना कधीच त्रास झालेला नाही त्यांनी ते दर वेळी करावं, पार्लरमध्ये आग्रहाने मागून घ्यावं. तुम्ही घरी करू नका. तेवढ्या थेंबानेही तुमचा कान आणि मान सुजू शकते.

आत्ता काय करायचं? डोक्यात रंग उरला असेल तर सौम्य शाम्पूने दोन-तीनदा, वाहत्या कोमट पाण्याखाली, डोकं मागे झुकवून धुवा, म्हणजे पाणी चेहऱ्यावर येणार नाही. केस कापून टाकायची गरज नाही. रंग पूर्ण मुरून धुतला गेला की रंगलेला केस स्वतः सहसा त्रास देत नाही. लस येत असेल तिथे उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून स्वच्छ कापडाच्या ओल्या घड्या ठेवा. हळद, कोरफड, चंदन, तूप असलं काही लावू नका. फुटलेल्या त्वचेवर नवीन ॲलर्जी जडायला वेळ लागत नाही. डोळे मिटतील इतकी सूज असेल तर थोड्या दिवसांच्या पोटातल्या औषधाने ती लवकर उतरते, पण ते औषध आणि मात्रा डॉक्टरच ठरवतील, विशेषतः साखर किंवा रक्तदाब असेल तर. जीभ-घसा सुजला, आवाज बसला, श्वासाला त्रास झाला, तर घरी वाट पाहायची नाही, थेट दवाखाना.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब बाजूला ठेवा. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा वेळी दुकानात सहसा स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असलेलं मलम हातात देतात. चार दिवसांत बरं वाटतं, म्हणून माणसं ते महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावत राहतात. मग त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुरळ आणि लव वाढते, उन्हात आग होते आणि थांबवलं की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने यातली अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. तरी ती अजूनही मागितली की मिळतात.

टिकलीकडे वळते. तुमचा डाग काळसर आहे, त्याच्या कडेला कधीकधी खाज येते, असं तुम्ही म्हणता. टिकलीमागच्या गोंदात, आणि कुंकू लावत असाल तर त्याच्या रंगात, ॲलर्जी आणणारी द्रव्यं असतात. आपल्या सावळ्या त्वचेत अशी हळूहळू चाललेली ॲलर्जी लाल न दिसता काळी दिसते. जपानमध्ये बायकांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या अशाच काळ्या डागांमागे प्रसाधनांतला एक लाल रंग आणि त्यातली अशुद्धी सापडली होती. ती वगळल्यावर रुग्णांचं प्रमाण घटलं. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या काहींना ॲझो जातीचे कृत्रिम रंगही (असे रंग कुंकवात असू शकतात) त्रास देतात, म्हणून तुमच्या बाबतीत दोन्हींचा संबंध असू शकतो. पॅच टेस्टला जाताना टिकलीचं पाकीट आणि कुंकवाची डबी बरोबर न्या.

डाग पांढरा होऊ लागला तर एक दिवसही टिकली लावू नका. गोंदातलं पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल हे द्रव्य रंग बनवणाऱ्या पेशी मारतं, आणि आपल्याकडच्या डॉक्टरांनी टिकलीखालच्या पांढऱ्या डागांशी त्याचा संबंध १९९० मध्येच दाखवून दिला आहे. असा पांढरेपणा लवकर थांबवला तर रंग परत यायची शक्यता असते. बायका मात्र डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावतात.

तुम्हाला टिकली न लावणं जड जाईल, हे मला समजतं. निदान आता लग्नापर्यंत कपाळ मोकळं ठेवा. कुणी विचारलं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. लग्नाच्या दिवशी लावायची टिकली आधी दंडाच्या आतल्या बाजूला दोन दिवस चिकटवून पाहा. काही झालं नाही तर विधींपुरती लावा आणि रात्री काढून कपाळ धुवा. काळा डाग जायला काही महिने लागतात. गोरेपणाची क्रीम लावून तो जात नाही, उलट चिघळतो. सकाळी झिंक ऑक्साइड असलेलं, बिनवासाचं सनस्क्रीन लावा.

आणि केस. मोकळेपणाने सांगायचं तर पांढरे केस तसेच ठेवून छान कापून घेतलेले मला सगळ्यात आवडतील, पण मुलीच्या लग्नात तुम्ही कसं दिसावं हे ठरवणारी मी कोण? शुद्ध मेहंदीने येणारा तांबडा रंग चालत असेल तर तो पहिला पर्याय. गडद हवा असेल तर आधी मेहंदी, ती धुऊन मग निळीच्या पानांची पावडर, असं दोन टप्प्यांत करतात. त्यात अर्धा दिवस जातो आणि पावडर भेसळ नसलेली मिळवणं हेच खरं काम. यांचीही ॲलर्जी क्वचित होते, म्हणून त्वचा शांत झाल्यावर त्याच पाकिटातली थोडी दंडावर लावून दोन दिवस पाहा, आणि केसांसाठी तेच पाकीट वापरा. एका दिवसापुरतं भागवायचं असेल तर भांगातले पांढरे केस झाकणारी, लोहाच्या ऑक्साइडची पावडर मिळते. घटकांच्या यादीत डायअमाइन किंवा अमिनोफिनॉल हे शब्द नाहीत एवढं पाहा. ती रात्री धुतली की जाते, तुमच्यासाठी तेच बरं.

पॅच टेस्टचा कागद मिळाला की त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांसकट सगळ्यांना दाखवा. बधिर करणाऱ्या काही मलमांत आणि घशाच्या गोळ्यांत बेंझोकेन असतं, ते पीपीडीच्या नात्यातलं आहे. घरात दुसऱ्या कुणाच्या केसांना रंग लावून देत असाल तर ते कामही आता दुसऱ्यावर सोपवा.

शेवटी लग्नातली मेहंदी. मेहंदीवाली येईल तेव्हा कोनात काय आहे ते आधी विचारा, आणि ‘अर्ध्या तासात काळी रंगते’ असं ती म्हणाली तर तो कोन वापरू देऊ नका. नवरीच्या हाताला लावायची पावडर घरी चाळून, भिजवून, कोन घरीच भरलेले बरे. लहान मुलांच्या हाता-दंडावर हौसेने काळी नक्षी काढतात, ती तर मुळीच नको. त्या एका नक्षीतून पीपीडीची ॲलर्जी जडू शकते आणि ते मूल मोठं होऊन पहिल्यांदा केस रंगवतं तेव्हा ती उघड होते. अशी मुलं-मुली आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना लहानपणीची मेहंदी आठवतही नाही, त्यांच्या आयांना आठवते.